लीगल रिसर्च शिकवायला खंड बरे की मोबाईल?
सोलापूरला सकाळी कोर्टाआधी फर्स्ट इयरच्या पोरांना लीगल रिसर्च शिकवतो, एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टाच्या निकालांचे) जाड खंड आणि मोबाईलवर इंडियन कानून ही निकाल शोधायची वेबसाइट, दोन्ही वापरून बघितलं. खंडात शोधायला वेळ जातो पण एआयआर १९७३ एससी (सुप्रीम कोर्ट) १४६१ म्हणजे वर्ष, कोर्ट, पान हे स्वतः पानं उलटल्यावरच डोक्यात बसतं, त्या पानावरचा केशवानंद भारतीचा (संविधानाच्या मूळ चौकटीचा) निकाल हाताला लागला की पोरं कसली खुश होतात!

मोबाईलवर फुकट नि झटपट, एसटीने गावाकडनं येणाऱ्यांना तेच परवडतं. पण खून म्हटलं की जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) कलम ३०२च टाकतात, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम १०३ लागतं हे विसरतात, आणि सापडलेला निकाल पुढे वरच्या कोर्टाने फिरवला का हे तर बघतच नाहीत.

मी आधी खंडच हातात देतो.