चवथीला बसवलेला कॉम्प्युटर: उबुंटू की मिंट?

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ने चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्हला दारातच अडवले. त्यामुळे गोव्यात डिचोलीपासून काणकोणापर्यंत कितीतरी घरांतले धडधाकट डेस्कटॉप आता लिनक्सच्या वाटेवर आहेत. बऱ्याच घरांत क्रम ठरलेला असतो. चवथीला पुण्याहून किंवा बंगळुरूहून आलेला भाचा पेनड्राइव्ह लावतो, तासाभरात मशीन सुरू करून देतो आणि विसर्जन झाले की परतीची गाडी पकडतो. पुढचे अकरा महिने ते मशीन आई, आजोबा आणि दहावीतली मुलगी वापरतात. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, निवडताना हे अकरा महिने डोळ्यांसमोर ठेवावेत.

फेडोरा ही डिस्ट्रो म्हणूनच बाद. तिची एकेक आवृत्ती जेमतेम १३ महिने चालते, म्हणजे दर चवथीला अपग्रेड आलेच. उरतात उबुंटू २४.०४ आणि लिनक्स मिंट २२. मिंट २२ उबुंटू २४.०४ च्याच पायावर उभे आहे आणि दोघांनाही २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यामुळे वाय-फाय कोणावर चालेल, प्रिंटर कोणावर चालेल, यात फारसा फरक नाही. एचपी लेझरजेट १०२० असेल तर दोन्हीकडे एचपीलिप या प्रिंटर-ड्रायव्हरचे प्लगइन वेगळे उतरवावे लागते. ते न उतरवल्यास प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद हलत नाही, कारण या प्रिंटरचे फर्मवेअर दर वेळी कॉम्प्युटरकडून चढते. ब्रॉडकॉमचे वाय-फाय बसवल्याबरोबर चालले नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलमधून देणे) सुरू करावे आणि मग ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

उबुंटूची बाजू काही ठिकाणी खरोखरच वरचढ आहे. नवा लॅपटॉप, बारीक पिक्सेलचा स्क्रीन, टचपॅडवर तीन बोटांनी खिडक्या बदलायची सवय, हे सगळे तिथे जास्त सफाईने चालते. उबुंटू प्रो घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्याने पाठिंबा दहा वर्षांपर्यंत लांबतो. मराठी टायपिंगमध्येही उबुंटू एक पायरी पुढे आहे. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड दोन्हीकडे तयार मिळतो, पण रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस-एम१७एन हे पॅकेज लागते. उबुंटूत ते बसवून एकदा लॉगआउट केले की कीबोर्डच्या यादीत मराठी आयट्रान्स दिसते. लॉगआउट केले नाही तर दिसत नाही, आणि पॅकेज चुकले असे वाटून लोक पुन्हा पुन्हा बसवत राहतात. मिंट २२ मध्ये त्याआधी ‘इनपुट मेथड’मध्ये जाऊन आयबस निवडावे लागते. (देवस्थान समितीची जुनी पत्रे श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ती दोन्हीकडे अगम्य दिसतील. ती युनिकोड नाहीत, आधी रूपांतर करून घ्या.)

मग पारडे मिंटकडे का झुकते? एका चौकटीमुळे. उबुंटूवर फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप म्हणून येतो, म्हणजे स्वतःहून अपडेट होणाऱ्या उबुंटूच्या खास पॅकेजमध्ये. स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट शोधते आणि फायरफॉक्स उघडा असेल तर पडद्यावर इंग्रजीत सूचना येते: अपडेट थांबले आहे, ॲप बंद करा, १३ दिवस उरले. जाणकाराला यात काही वाटत नाही. आजोबांना मात्र वाटते की १३ दिवसांनी कॉम्प्युटर बंद पडणार. ते खिडकी खाली घेतात, ती बंद होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आकडा १२ होतो. शेवटी कोणी खरेच बंद केले तर मागे नवी आवृत्ती बसेपर्यंत फायरफॉक्स उघडत नाही, नेमका वीजबिल भरायच्या वेळी. सत्तरी-सांग्यात जिथे फोनच्या हॉटस्पॉटवर नेट चालते, तिथे तो डेटाही न विचारता जातो.

यावर इलाज आहे. स्नॅपचा फायरफॉक्स काढून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून (जिथून पॅकेजेस उतरतात) डेब, म्हणजे साधे पॅकेज घ्यायचे. पण नुसते भांडार जोडून भागत नाही. उबुंटूच्या भांडारातही फायरफॉक्स नावाचे एक पोकळ पॅकेज आहे, त्याचा आवृत्ती-क्रमांक मुद्दाम मोठा ठेवलेला आहे आणि त्याचे काम एवढेच, की स्नॅप परत आणणे. म्हणून एपीटीच्या प्रेफरन्सेस फोल्डरात फाइल करून मोझिलाच्या भांडाराला १००० प्राधान्य द्यावे लागते. हे राहिले तर पुढच्या अपडेटला स्नॅप गुपचूप परत येते आणि तेव्हा भाचा बंगळुरूला असतो.

मिंटने २०२० मध्ये, आवृत्ती २० पासून, स्नॅपला मुळातच अटकाव केला. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड तिथे साध्या डेब पॅकेजमध्ये मिळतात. अपडेटची खूण म्हणजे कोपऱ्यातली छोटी ढाल, ती कोणाला धमकावत नाही. अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑटोमेशन’ चालू केले की आजोबांना तेवढेही बघावे लागत नाही.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि अपडेट चालू असताना ती गेली तर पॅकेजेस अर्धवट राहतात. टर्मिनलात ‘sudo dpkg --configure -a’ चालवले की बहुधा निस्तरते. नाही निस्तरले तर टाइमशिफ्ट या सिस्टिमच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रामने कालच्या स्थितीवर जाता येते. मिंटमध्ये ते आधीपासून असते आणि पहिल्याच दिवशी लावायची आठवणही होते. उबुंटूत आपण बसवायचे. रोजच्या दोन आणि आठवड्याची एक प्रत पुरते. पहिल्या प्रतीला साधारण १५ जीबी जागा धरा आणि ती लिनक्सच्या एक्स्ट-४ पार्टिशनवर ठेवा, विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर ती राहत नाही. टाइमशिफ्ट घरातले फोटो सांभाळत नाही, ते वेगळे उतरवून ठेवावे लागतात.

चार जीबी रॅम असेल तर मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन डेस्कटॉपऐवजी तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, माझ्या अनुभवात ती तेवढ्यात निवांत चालते. घरात आधीच उबुंटू बसलेले असेल आणि कोणाची तक्रार नसेल तर मोडू नका. फायरफॉक्सचे तेवढे वरीलप्रमाणे करा आणि टाइमशिफ्ट लावा. विंडोजही शेजारी ठेवले असेल तर तिथले घड्याळ साडेपाच तास मागे पडेल, कारण लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते. लिनक्सला ते स्थानिक वेळेत ठेवायला सांगितले की दोघांचे जमते.