लायका एम: काळा रंग, काळा क्रोम की साधा चंदेरी?

जर्मन लायका कंपनीच्या एम मालिकेतला जुना फिल्म कॅमेरा घ्यायचं ठरलं की मॉडेलपेक्षा रंगावरच घोडं अडतं. आतलं यंत्र तेच, लेन्सही त्याच, तरी मूळच्या काळ्या रंगातल्या एम-३ला चंदेरी एम-३च्या कित्येक पट किंमत पडते. फोटोत याचा काडीचा फरक दिसणार नाही, एवढं धरून पुढे चला.

चंदेरी क्रोम हा पितळेवर चढवलेला धातूचा टणक मुलामा. १९५४ साली एम-३ बाजारात आला तो याच रूपात. इतक्या वर्षांनीही बहुतेक नगांवर तो शाबूत असतो. ओरखडे उठतात, पण टवके सहसा निघत नाहीत. हाताचा घाम, कोकणातली दमट हवा, पिशवीत घासणाऱ्या किल्ल्या, सगळं तो निमूट सोसतो. रोज वापरायला कॅमेरा हवा असेल तर डोळे झाकून हाच घ्या. आवरणाचं काळं व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, मात्र नखाने हळूच दाबून बघा, जुनं झालं की ते ठिसूळ होऊन तुकड्यांनी निघतं.

काळा रंग हा मुलामाच नव्हे, पितळेवर मारलेला चकचकीत रंग आहे. चमकणारा कॅमेरा नजरेत भरतो, म्हणून वार्ताहरांना काळा हवा असायचा. लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून असे एम-३ थोड्या थोड्या संख्येने काढले. हा रंग झिजतो, खालचं पितळ उघडं पडतं, आणि संग्राहक भाळतात ते नेमके त्या झिजेवर!

खरी मेख इथेच आहे. चंदेरी कॅमेऱ्याचा क्रोम उतरवून त्याला काळा रंग देणारे कारागीर आहेत, आणि काम इतकं सुबक करतात की फोटोवरून कळणार नाही. भिंग घेऊन बघा. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात का? स्क्रूच्या खाचेत रंग साचलाय का? झीज कुठे आहे तेही पाहा. पट्ट्याची कडी जिथे आपटते तिथे, तळाच्या पत्र्याच्या कडांना आणि उजवा अंगठा टेकतो तिथे पितळ दिसायला हवं. हात कधी पोचतच नाही अशा जागी ते चमकत असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर चालवलाय. कारखान्याने मुळातच काळे रंगवलेल्या कॅमेऱ्यांच्या क्रमांकांत सीरियल नंबर बसत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पुन्हा रंगवलेला कॅमेरा वाईट नसतो, फक्त त्याला मूळ रंगाची किंमत देऊ नका.

काळा क्रोम म्हणजे रंग नव्हे, क्रोमचाच काळा मुलामा; तो १९७१च्या एम-५पासून रुळला. दिसायला मंद, रंगापेक्षा टिकाऊ, किमतीलाही बरा. पण १९८४च्या एम-६चा वरचा पत्रा जस्ताचा आहे. तिथे झिजून पितळ दिसणार नाही, उलट काही नगांवर मुलाम्याखाली बारीक फोड येतात. प्रकाशात तिरपा धरला की ते लगेच दिसतात. फोडांनी फोटो बिघडत नाही, विकताना भाव मात्र पडतो.

नवाच घ्यायचा तर २००३चा एमपी आणि २०२२चा नवा एम-६, दोघांचेही वरचे पत्रे पितळेचे. नव्या एम-६चा काळा रंग मुद्दाम झीजरोधक केलाय, त्यामुळे पितळ दिसायची घाई असेल तर काळ्या रंगातला एमपी घ्या.

रंगाचा हा सगळा घोळच नको असेल तर निकॉनचा एफ-३टी बघा. त्याची बाहेरची आवरणं टायटॅनियमची, पितळ दिसायचा प्रश्नच नाही. आणि जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, सापाच्या कातडीचा, वर गरुड-स्वस्तिक कोरलेला ‘लायका’ कुणी पुढे केला, तर तो बहुधा फेड किंवा झोर्की, म्हणजे लायकाची सोव्हिएत नक्कल असतो. शोभेला हवा असेल तर त्याच भावात मागा.