सिलिकॉनची रिंग पेसरी, ७० मिमी : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात कराडहून सांगलीला परत येताना वाटेतल्या एका एसटी स्टँडवर संडासला बसले, जरा कुंथले आणि अंग खाली उतरू नये म्हणून योनीत आधाराला घालते ती रिंग (पेसरी) सटकली. भांड्यात पडली ती गेलीच. घरी पोचेपर्यंत तो ओळखीचा गोळा पुन्हा पायांमध्ये उतरला होता. या रिंगेनं नऊ महिने माझ्यासाठी काय केलं, ते त्या प्रवासात कळलं. म्हणून लिहायला बसले.

माझं थोडक्यात सांगते. अंग बाहेर यायचं म्हणून २०१९ मध्ये खालून गर्भाची पिशवी काढली, लघवीच्या पिशवीलाही आधाराचे टाके घातले. चार वर्षं छान गेली. मग एका पावसाळ्यात खोकला लागला तो दीड महिना हटेना, आणि एके दिवशी अंघोळ करताना हाताला तोच गुळगुळीत फुगवटा लागला. मोरीतच बसून रडले. पिशवीच काढली, मग आता बाहेर येतंय काय? डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं. योनीची पुढची भिंत सैल पडून तिच्यासकट लघवीची पिशवी खाली उतरली होती.

वन्सं म्हणाल्या, "ऑपरेशननंतर जड उचललंस, तुझंच चुकलं." माझं पोळी-भाजी केंद्र आहे, कणकेची परात उचलावी लागतेच. हे वाक्य मी वर्षभर मनात धरून बसले होते. ज्यांचं परत आलंय त्यांनी ते मनातून काढून टाका. वजन, खोकला, बद्धकोष्ठ यांनी ताण पडतो हे खरं, पण टाके घालतात ते बाळंतपणात ताणलेल्या, वयानं झिजलेल्या त्याच मांसात. लेकीनं अमेरिकेतला १९९७ चा एक अभ्यास वाचून दाखवला. त्यात अंग उतरतं किंवा लघवी गळते म्हणून ऑपरेशनला आलेल्या बायकांपैकी २९ टक्के बायकांचं हे दुसरं किंवा त्यापुढचं ऑपरेशन होतं. इतक्या जणींचं चुकलं असेल का?

पुन्हा ऑपरेशनचाही पर्याय होता. पोटातून जाळी लावून योनीचा वरचा भाग कमरेखालच्या हाडाला बांधायचा. (खालून घालायच्या जाळीची गोष्ट वेगळी. तिची विक्री अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०१९ मध्ये बंद करायला लावली.) पण त्यानंतर दोन-तीन महिने जड काम बंद, आणि केंद्र बघायला माझ्याकडे कुणी नाही. म्हणून रिंग.

आता मुख्य तक्रार, मापाची. चप्पल घेतानासुद्धा दोन जोड घालून बघतो आपण. रिंगेचं माप डॉक्टर बोटानं अंदाजानं घेतात, आणि पहिल्या खेपेला ते चुकणं अगदी नेहमीचं आहे. त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या रिंगांचा संच मिळतो, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारा. माझ्या दवाखान्यात तो नव्हता. ६५ ची घेतली, २,१०० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बाहेर आली. मग ७५ ची घेतली. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दुखायला लागलं, लघवी अडली, रात्री धावत जाऊन काढून घेतली. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला, पाकीट उघडलं, परत घेत नाही. त्याचंही बरोबर, अंगात घातलेली वस्तू तो दुसरीला कशी विकणार? पण मग ती चूक माझ्या पैशांतून का भरायची? तिसरी ७० ची बसली. एका रिंगेला ६,३०० रुपये पडले, माझ्या केंद्राचं महिन्याचं भाडं जवळपास तेवढंच आहे. पैशांपेक्षाही वाईट म्हणजे ७५ नंतर मी सोडूनच देणार होते. किती जणी तिथेच सोडत असतील!

म्हणून सांगते, रिंग घातल्यावर लगेच घरी निघू नका. दवाखान्यातच चाला, खोका, उकिडव्या बसा, लघवी करून बघा. रिंग आणि आतली भिंत यांच्यामध्ये बोट सहज फिरायला हवं. बरोबर बसलेली रिंग जाणवतच नाही.

दुकानात १८० रुपयांची पांढरी पीव्हीसी प्लॅस्टिकचीही होती. कडक असते, दुमडेना. मी काटकसरी बाई, पण इथे सिलिकॉनचीच घ्या म्हणेन.

पहिले तीन महिने रिंग काढायला-घालायला दवाखान्यातच जायचे. मला वाटायचं, हे डॉक्टरांचंच काम. मग एका सिस्टरनं अर्धा तास बसून शिकवलं. एक पाय पाटावर ठेवायचा, रिंग करंजीसारखी अर्धी दुमडायची, टोकाला जेल लावायचं, मागच्या बाजूला सरकवून सोडायची. आत गेली की ती आपोआप उघडते. काढताना कडेत बोट अडकवायचं आणि थोडी दुमडून हळू ओढायची. बोट पोचेना, तर सिस्टरनं कडेला दात साफ करायचा दोरा बांधून दिला. आठवड्यातून एका रात्री काढायची, साध्या साबणानं धुवायची, सकाळी परत घालायची. त्या दिवसापासून रिंग माझी झाली. पूर्वी लघवी पूर्ण व्हायला बोटानं गोळा आत ढकलावा लागायचा, ते थांबलं. सकाळी दीडशे पोळ्या उभ्यानं लाटते, कंबर ओढल्यासारखी होत नाही.

पाच तारे द्यायचे ठरवलं होतं, पण चौथ्या महिन्यात खोकताना लघवी गळायला लागली, पूर्वी कधी नव्हती. रिंगेवर फार चिडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, उतरलेल्या पिशवीमुळे लघवीची नळी मुरडलेली असते, म्हणून गळती झाकलेली राहते. रिंगेनं पिशवी वर गेली, नळी सरळ झाली आणि दोष उघडा पडला. तेव्हापासून ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम नेमानं करते. गळती अर्ध्यावर आलीय. आणखी त्रास झाला तर एका बाजूला गोळा असलेली रिंग मिळते, ती नळीला आधार देते.

सहाव्या महिन्यात पिवळसर स्राव यायला लागला, वासही होता. आतली कातडी पाळी गेल्यावर पातळ होते, तिथे रिंग घासली होती. दोन आठवडे रिंग बंद, इस्ट्रोजेनचं मलम, मग पुन्हा सुरू. मलम आता आठवड्यातून दोनदा लावते. ज्यांना कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. रक्त दिसलं, घाण वास आला किंवा लघवी अडली, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. रिंग घालून विसरून जाणं सगळ्यात धोक्याचं, वर्षानुवर्षं राहिली तर ती मांसात रुतते.

स्टँडवरची चूक माझी. रोज रात्री इसबगोल घेते, प्रवासात दोन दिवस घेतलं नाही. आता संडासला बसताना रिंगेची कड बोटानं धरून ठेवते.

नवी ७० ची आणायला गेले तर त्याच दुकानात २,४५०. घेतली. मग ६५ आणि ७५ च्या जुन्या रिंगा धुऊन, डबीत घालून डॉक्टरबाईंकडे नेल्या. म्हटलं, निर्जंतुक करा आणि मापासाठी ठेवा, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील. त्यांनी घेतल्या नाहीत. पाकिटावर एकाच रुग्णासाठी असं छापलंय, दुसरीला घालता येणार नाही म्हणाल्या. मापाचा संचच मागवते म्हणाल्या. माझ्यासमोर सिस्टरला तसं वहीत लिहायला सांगितलं.

माझी पुढची तपासणी १८ तारखेला आहे. संच आला का, हे आधी विचारणार आहे.