मंत्रालयातले मंत्री कार्यालय : अर्जदाराच्या बाजूने परीक्षण

मंत्र्यांच्या कार्यालयात अर्ज दिला की काम मार्गी लागले, असे समजून मंत्रालयात येणाऱ्यांची सर्वात जास्त निराशा होते. हे कार्यालय निर्णयाचा कागद तयार करत नाही. टिपणी, म्हणजे निर्णयासाठीचा लेखी प्रस्ताव, संबंधित विभागात लिहिली जाते. मंत्री कार्यालय अर्ज योग्य सचिवाकडे पाठवते, बैठक लावून देते आणि वर आलेल्या नस्तीवर, म्हणजे फाइलवर, मंत्र्यांची सही घेऊन ती परत करते. एवढ्याच अपेक्षेने गेलात तर सेवा चांगली आहे, आणि तीही विनामूल्य.

आत माणसे कोण, हे आधी कळायला हवे. कार्यालयाचा प्रमुख खाजगी सचिव. तो शासकीय सेवेतला अधिकारी असतो आणि नस्त्या त्याच्या नजरेखालून मंत्र्यांपुढे जातात. त्याच्यानंतर विशेष कार्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना ओएसडी म्हणतात ते; त्यांच्यात विषय वाटलेले असतात. बदल्यांचा कागद निधी पाहणाऱ्या ओएसडीच्या टेबलावर गेला तर तो नुसता पडून राहतो. स्वीय सहायक, म्हणजे पीए, दौरा, फोन आणि भेटीच्या वेळा सांभाळतो. यांच्या जोडीला लघुलेखक, लिपिक-टंकलेखक, शिपाई. पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती, हे सामान्य प्रशासन विभाग ठरवतो.

या सगळ्यांत अर्जदाराच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा माणूस म्हणजे आवक-जावक पाहणारा लिपिक. दालनाबाहेरच्या गर्दीत पीएच्या हातात कोंबलेला अर्ज आणि आवक टेबलावर नोंदवलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा कुठेही माग राहत नाही. दुसरा स्कॅन होऊन ई-ऑफिसमध्ये, म्हणजे शासनाच्या संगणकीय नस्ती-प्रणालीत, चढतो आणि त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह लिहून घेतल्याशिवाय दालन सोडू नये. बंगल्यावर किंवा मतदारसंघातल्या जनसंपर्क कार्यालयात दिलेल्या कागदांचे हेच दुखणे आहे : ते गठ्ठ्याने मंत्रालयात येतात, आणि वाटेत जोडपत्रे सुटली तर कोणाला पत्ता लागत नाही.

अर्ज एकाच पानाचा ठेवा. डावीकडे आणि वर भरपूर कोरी जागा सोडा, कारण मंत्र्यांचा शेरा, म्हणजे सहीसह लिहिलेली सूचना, तिथेच येतो. जागा नसेल तर तो मजकुरावर तिरपा लिहिला जातो आणि स्कॅनमध्ये वाचता येत नाही. प्रत्येक जोडपत्रावर नाव आणि मोबाइल क्रमांक घाला. एका अर्जात एकच विषय. रस्ता, पेन्शन आणि शाळेची तुकडी एकत्र मागितली, तर तीन विभागांपैकी एकाकडे मूळ प्रत जाते आणि बाकीचे दोन विषय तिथेच संपतात.

आता शेरा. ‘प्रधान सचिव, तपासून सादर करावे’ असा शेरा मिळाला तर समाधान माना : ‘सादर’ या शब्दामुळे विभागाला टिपणी लिहून नस्ती मंत्र्यांपर्यंत परत आणावी लागते. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ यात परत येण्याचे बंधन नाही. नियमात बसत नसेल तर विभाग खालच्या खाली तसे कळवून मोकळा होतो. ‘तातडीने बैठक लावावी’ या शेऱ्याला तारीख नसेल तर पाठपुरावा ओएसडीकडे करावा लागतो. शेरा म्हणजे आदेश नव्हे. तो घेऊन थेट जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्यांना रिकाम्या हाती परतावे लागते, आणि त्यात त्या कार्यालयाचा दोष नसतो.

शेऱ्यानंतर अर्ज सचिवांकडून उतरत कार्यासनात, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या विभागातल्या शाखेत, पोहोचतो. तिथला सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, सचिव अशी ती चढते, काही विषयांत राज्यमंत्र्यांकडून मंत्र्यांकडे जाते. पाठपुराव्याचा खरा पत्ता म्हणजे या कार्यासनाचे नाव. मंत्री कार्यालयाची सर्वात मोठी उणीव हीच : कागद कोणत्या कार्यासनाकडे गेला, हे तिथून आपणहून कोणी कळवत नाही. मागितल्यावर जावक नोंद पाहून सांगतात, म्हणून आठवड्याभराने विचाराच.

विलंबाबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि तो फार कमी अर्जदारांना माहीत असतो. बदल्यांचे विनियमन आणि दिरंगाई प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम, कलम 10 : कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाचे अभिप्राय लागत नसतील तर 45 दिवसांत निर्णय, लागत असतील तर 3 महिन्यांत. स्मरणपत्रात हे कलम आणि आवक क्रमांक लिहा, आणि ते कार्यासनाला द्या. वित्त किंवा विधी व न्याय विभागाकडे गेलेली नस्ती मात्र मंत्री कार्यालयाच्या फोननेही लवकर हलत नाही.

जमीन महसूल संहितेच्या कलम 257 खालची पुनरीक्षणे, म्हणजे खालच्या महसूल अधिकाऱ्यांच्या आदेशांची फेरतपासणी, ही वेगळी गोष्ट आहे. ती अर्धन्यायिक प्रकरणे; सुनावणीची नोटीस, रोजनामा, दोन्ही पक्षांचे म्हणणे असा रीतसर मार्ग असतो. तिथे साधा विनंती अर्ज देऊन शेरा मागू नये. पुढे उच्च न्यायालयात विरुद्ध पक्ष तोच कागद दाखवतो.

वेळेचेही गणित आहे. मंत्रिमंडळ बैठकीच्या दिवशी मंत्री मुंबईत नक्की असतात, पण दालनात निवांतपणा नसतो. अधिवेशनात सगळी माणसे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधींच्या उत्तरांत गुंतलेली असतात. हिवाळी अधिवेशनाला तर अर्धे कार्यालय नागपूरला हलते. कॅबिनेट मंत्र्यांचा मुक्काम रवी भवनात, राज्यमंत्र्यांचा नाग भवनात. विदर्भातल्या माणसाने अर्जासाठी मुंबईची वारी करण्याऐवजी त्या दिवसांत सकाळी तिथे जावे. पण आवक नोंदीचा आग्रह नागपुरातही सोडू नका, कारण तिथले गठ्ठे अधिवेशन संपल्यावरच मुंबईत उघडले जातात.

खातेबदल झाला की खाजगी सचिवापासून पीएपर्यंत माणसे बदलतात आणि प्रलंबित कागद विभागाकडे परत जातात. नव्या दालनात जुन्या शेऱ्याची प्रत जोडून नवा अर्ज द्या आणि वर जुना ई-ऑफिस क्रमांक लिहा, म्हणजे तो नव्या नस्तीत न जाता जुन्या नस्तीलाच जोडता येतो.