गणपती ते शिमगा: कोकणातल्या घरावर सहा महिने टिकलेल्या (आणि न टिकलेल्या) माळा

आमचं घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि अंगण. रोषणाईच्या माळा दुकानात दिवाळीच्या नावाने विकल्या जात असल्या तरी आमच्याकडे त्या चढतात गणपतीत, म्हणजे ऐन पावसात. फ्लॅटच्या बाल्कनीत पाच दिवस लावून काढलेल्या माळेबद्दल कोणी ‘मस्त आहे’ म्हणालं तर त्याचा आम्हाला काही उपयोग नाही, हे मला फार उशिरा कळलं. चार वर्षं दर वेळी नव्या माळा नेत होते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातल्या निम्म्या गचकत होत्या.

२०२४ च्या ऑगस्टात पुण्यात तपकीर गल्लीत गेले ती ठरवूनच, की या वेळी तीन वेगवेगळे प्रकार घ्यायचे आणि काय होतं ते बघायचं. पहिला प्रकार म्हणजे नेहमीची साधी माळ, थेट २३० व्होल्टच्या प्लगात जाणारी, १२० रुपयांना एक, अशा चार. दुसरा अ‍ॅडॅप्टरवाली माळ, २० मीटर, ६५० रुपये. हिचा अ‍ॅडॅप्टर ३१ व्होल्ट डीसी देतो, म्हणजे बाहेरच्या वायरीत घरचा करंट येतच नाही. तिसरा प्रकार पारदर्शक नळीतली पट्टी, ती मीटरवर मिळते. पडवी ४२ फूट, म्हणजे पावणेतेरा मीटर, पण पट्टी पूर्ण मीटरलाच कापतात, म्हणून तेरा मीटर घेतली. शिवाय तुळशीवृंदावनासाठी एक छोटी सोलर माळ, निव्वळ हौस म्हणून.

७ सप्टेंबरला गणपती बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती निम्म्यावर आली आणि अख्खं घर अंधारात गेलं. समईच्या उजेडात आरती पूर्ण केली, टाळ काही थांबले नाहीत. मग बॅटरी घेऊन बघितलं तर मीटरजवळचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच, पडलेला (आमचा वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतो). वर केला की परत पडायचा. माळांचा प्लग काढला तेव्हा राहिला.

दोष माळेत नव्हता, माझ्यात होता. दोन साध्या माळा एकमेकींना जोडल्या होत्या आणि तो जोड मी काळ्या टेपने गच्च गुंडाळला होता. पाऊस लागू नये म्हणून केलेली ही शहाणपणाची गोष्ट. पागोळ्यांचं पाणी वायरवरून ओघळत येऊन टेपच्या आत शिरलं आणि आतच साचलं. टेप उलगडली तर चमचाभर पाणी हातावर सांडलं. वायरमन म्हणाला, “ताई, टेप पाणी आत यायला अडवत नाही, बाहेर जायला अडवते.” ३० मिलीअँपिअरचा तो आरसीसीबी नसता तर अंगणात ओल्या पायांनी खेळणाऱ्या पोरांपैकी कोणाचं काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. ज्या घरात तो नाही, तिथे बाहेर माळ लावण्याआधी तो बसवून घ्या, मग माळेचा रंग निवडा.

मग उपाय काय केला? सगळे जोड पडवीच्या आत, वाशाखाली ओढून घेतले. जो एक जोड बाहेरच राहणार होता, त्याच्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा टांगला, वायर जायला कडेला खाच पाडून. तळ वर, तोंड खाली, काही बंद करायचं नाही. आणि वायर जोडात शिरण्याआधी तिला वीतभर खाली झोल दिला. पाणी वायरवरून येतं ते झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढून जोडात जात नाही. त्यानंतर आरसीसीबी एकदाही पडला नाही, आणि विसर्जनापर्यंत पाऊस काही कमी नव्हता.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ‘आयपी ६५’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे शिंतोडे चालतात, ५ म्हणजे पाण्याची धार चालते, ७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडली तरी चालते. पण हा आकडा कशाचा, ते विचारायचं. माझ्या माळेवर ६५ होतं ते दिव्यांचं आणि वायरीचं. अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघितला तर त्याच्यावर बारीक अक्षरात आयपी २०. म्हणजे त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. दुकानदाराला हे दाखवलं तर तो म्हणाला, “अ‍ॅडॅप्टर कोण बाहेर लावतं?” बरोबर आहे त्याचं, पण प्लगपासून पहिल्या दिव्यापर्यंत वायर जेमतेम दीड मीटर. आमचा प्लग माजघरात. शेवटी खिडकीच्या आत एक नवीन पॉइंट काढून घ्यावा लागला, ते २०० रुपये माळेच्या किमतीत धरा.

साध्या माळांचा हिशोब सरळ आहे. चारपैकी दोन दिवाळीआधीच गेल्या. यातले दिवे गटागटाने एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की त्याचा गटच अंधारात. शिवाय गणपतीत मुंबईहून सगळा गाव घरी आलेला, संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि माळ मिणमिणायची. अ‍ॅडॅप्टरवाली मात्र तशीच्या तशी, कारण अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये सारखंच काम करतो. हा फरक शेजारीशेजारी लावल्यावर जो दिसला, तो दुकानात कधीच दिसला नसता.

अ‍ॅडॅप्टरवालीबद्दल माझी एक तक्रार आहे. तिला आठ प्रकारची उघडझाप आहे, पण आठवण नाही. लाइट गेली आणि आली की ती परत पहिल्यावर, म्हणजे भुतासारखी लुकलुकायला लागते. मला स्थिर हवी. आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. बाबा दर वेळी उठून ते बटण सात वेळा दाबायचे आणि आठव्यांदा चुकून पुढे जायचे. घेताना ‘मेमरी आहे का’ एवढं विचारा.

रंग मी पिवळसर घेतला, खोक्यावर ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला. काकांच्या घरावर निळसर पांढरी आहे. चिऱ्यावर पिवळसर उजेड पडला की भिंत ऊबदार दिसते, पांढऱ्यात तीच भिंत दवाखान्यासारखी. शिवाय पांढऱ्या माळेवर पावसाळ्यात किडेही जास्त जमले. काकांना हे पटलेलं नाही.

पट्टी दिवाळीत सगळ्यात देखणी दिसली. कौलांच्या कडेने एक अखंड रेघ, लांबून होडीच्या काठासारखी. पण त्रिपुरी पौर्णिमेला शेवटचा एक मीटर गेला, कारण टोकाच्या टोपणातून ओल शिरली होती. शिमग्यापर्यंत नळी उन्हाने पिवळी पडली. पट्टी घ्याल तर टोपण सिलिकॉन लावून बसवा, आणि ते टोक पाऊस येतो त्या बाजूला ठेवू नका.

सोलर माळ गणपतीत तासभर लुकलुकून झोपायची, पावसात पॅनेलला ऊनच नाही. तीच तुळशीच्या लग्नाला पहाटेपर्यंत जळत होती. म्हणजे ती वाईट नाही, तिचा महिना वेगळा आहे.

विजेचं म्हणाल तर नगण्य. सगळ्या मिळून साधारण ४० वॅट, रोज सहा तास धरले तर चार दिवसांना एक युनिट.

बांधण्याचं मात्र शिकून घ्या. पहिल्या वर्षी मी खिळे मारून वायर त्यांच्यावर ओढली होती, खाऱ्या हवेने खिळे गंजले आणि वायरीला घासले. आता आधी नायलॉनची दोरी या वाशापासून त्या वाशापर्यंत ताणते आणि माळ तिला काळ्या केबल टायने सैल बांधते. ताण दोरीवर, वायर नुसती टांगलेली. टाय काळेच घ्या, पांढरे उन्हाने कडक होऊन तुटतात.

मार्चमध्ये शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा अ‍ॅडॅप्टरवाली माळ पूर्ण चालू होती, वाशाजवळचे पाच-सहा दिवे सोडून. त्यांची वायर उंदराने कुरतडली होती, हे शिडीवर चढल्यावर कळलं. पालखी गेल्यावर सगळं उतरवलं. पिनांवर हिरवट थर आला होता, तो कोरड्या फडक्याने पुसला आणि माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून पिशवीत घालून खुंटीला टांगली, उंदराच्या उडीपासून दूर.

काका शिडी धरून उभे होते. म्हणाले, “पुढच्या वेळी माझ्यासाठीपण एक तसलीच आण. पडवी ३८ फूट आहे. श्रीखंड मी आणतो.”