रफू की ठिगळ?

कपडा फाटला की आधी भोक नव्हे, भोकाभोवतीचं कापड उजेडासमोर धरून बघा. ते विरलं असेल तर रफूच्या नादी लागू नका. नवा धागा जुन्या कापडाला ओढतो आणि भोक वाढत जातं. तिथे ठिगळच हवं, तेही विरलेल्या भागाच्या दोन बोटं पुढे जाणारं. टाकाऊ सुती पँटचा पाय यासाठी उत्तम, कारण धुऊन धुऊन तो आधीच आटलेला असतो. कोरं कापड नंतर आटतं आणि भोवती चुण्या पडतात.

रफू शिकायला वेळ लागतो, पण मला खरं समाधान त्यातच मिळतं. आधी उभे धागे शेजारीशेजारी घालायचे, मग सुई आडवी, एका धाग्यावरून, एकाखालून, परतताना उलट. म्हणजे विणकामच! वळताना धागा जरा सैल सोडा, नाहीतर कापड गोळा होतं. धागा त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, उसवून घेतला तर रंग हुबेहूब जुळतो.

लोकरी मोजे, स्वेटर, नखाएवढी भोकं यांना रफू. गुडघे, कोपर, चादरी यांना बिनदिक्कत ठिगळ लावा. नुसती शिवण उसवली असेल, तर दोन्ही नको, हातटीप पुरते.