कमी पैशांत 1911: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो: हे 1911 पिस्तूल ठेवणार आहे. पण 'घेतलं आणि चालवलं' असा हा अनुभव नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्याने चांगलंच पिडलं, मग सुरळीत झालं. ते कशामुळे झालं हे शोधण्यात जी मजा आली, ती जमेला धरली तरच हा सौदा पटतो. ज्यांना ही मजा नको असेल त्यांनी याच पैशांत प्लास्टिक फ्रेमचं, स्ट्रायकरवर (बाहेरच्या घोड्याऐवजी आतल्या स्प्रिंगच्या पिनेवर) चालणारं आधुनिक पिस्तूल खुशाल घ्यावं. त्यात गोळ्या जास्त मावतात, कुरकुर कमी आणि साफसफाई झटपट. हे उपरोधाने म्हणत नाहीये.

मी घेतलं ते पूर्ण आकाराचं, संपूर्ण पोलादी 1911. 5 इंची नळी, 9 मिमी व्यासाच्या गोळीचं, जुन्या लष्करी ढंगाचं. मेकचं नाव देत नाही, कारण पुढच्या तक्रारी या किमतीच्या पट्ट्यात कमी-अधिक सगळीकडे ऐकू येतात. एकालाच झोडपण्यात अर्थ नाही. वापर फक्त रेंजवर, कागदी टार्गेटवर. स्वसंरक्षणासाठी कसं, हे मला विचारू नका.

स्वस्त 1911 मध्ये पैसा कुठे वाचवलेला असतो, हे आधी कळायला हवं. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकी सैन्याने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलं आणि 1985 मध्ये बेरेटाच्या एम9 ची निवड होईपर्यंत ते त्यांचं अधिकृत पिस्तूल राहिलं. लष्करी पिस्तुलांचे सुटे भाग एकमेकांत बसायचे, पण त्यासाठी ते सैलसर ठेवलेले असत. हलवलं तर खुळखुळायची. आजच्या गिऱ्हाईकाला घट्ट बसलेली स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) हवी, हलका ट्रिगर हवा आणि अचूक नेमही हवा. हे सगळं एकत्र आणायचं तर कुणीतरी हातात कानस घेऊन बसावंच लागतं. महागड्या 1911 मध्ये पोलाद फार वेगळं असतं असं नाही, त्यात माणसाचे तास जास्त ओतलेले असतात. स्वस्तात नेमके तेच तास कापलेले असतात. तेव्हा निवड करताना प्रश्न एवढाच: कानस कुठे फिरवायची राहून गेली आहे, आणि ते काम आपल्याला झेपणारं आहे का?

माझ्या पिस्तुलात काम राहून गेलं होतं एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे झाडलेली पुंगळी नळीतून मागे ओढून काढणाऱ्या भागावर. आधुनिक पिस्तुलांत बहुधा हा छोटासा आकडा असतो आणि त्याला मागून वेगळी स्प्रिंग ताण देते. 1911 मध्ये मात्र तो स्प्रिंग-पोलादाचा एकच लांब दांडा असतो, स्लाइडच्या आत तिच्या लांबीच्या दिशेने घुसवलेला. त्याला स्वतःची वेगळी स्प्रिंग नाही. दांड्याला दिलेला किंचितसा बाक हाच त्याचा ताण. बाक कमी पडला तर रिकामी पुंगळी इजेक्टरपर्यंत (ती बाहेर उडवणाऱ्या खुंटीपर्यंत) पोचायच्या आधीच आकड्यातून निसटते. जास्त झाला तर नव्या काडतुसाची कड आकड्याखाली सरकत नाही आणि स्लाइड पूर्ण बंद व्हायच्या जरा अलीकडेच थांबते.

माझं अडायचं ते जवळजवळ नेहमी मॅगझिनमधल्या (दस्त्यात सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीतल्या) शेवटच्या गोळीला. आधी वाटलं दारूगोळ्याचा दोष असेल. पण शेवटच्याच गोळीला का, या प्रश्नातच उत्तर होतं. आधीच्या प्रत्येक वेळी मॅगझिनमधलं पुढचं काडतूस खालून पुंगळीला टेकू देतं. शेवटच्या वेळी खाली काहीच नसतं. पुंगळी फक्त आकड्याच्या भरवशावर. आकडा ढिला असेल तर ती तिथेच घसरते आणि स्लाइडमध्ये अडकते. बाकीच्या वेळी पुंगळ्या कशाही उडायच्या. एखादी थेट कपाळावर. हेही ढिल्या ताणाचं लक्षण.

तपासायला सोपं आहे. स्लाइड उतरवायची, नळी काढायची, एक डमी (दारू नसलेलं) काडतूस खालून आकड्याखाली सरकवायचं आणि स्लाइड हातात हलकेच हलवायची. काडतूस टिकायला हवं. माझं हात हलवायच्या आत खाली पडलं. मग फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणाऱ्या पिनेच्या) मागची पट्टी काढून एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढला, त्याचं टोक स्लाइडमधल्या त्याच्याच भोकात थोडंसं अडकवलं, हलका दाब देऊन बाक वाढवला, पुन्हा बसवून तपासलं. बाक जास्त झाला तर उलट्या दिशेने तेच. सवय नसेल तर आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्या, त्याला यात काही वेळ लागत नाही. त्यानंतर शेवटच्या गोळीचं दुखणं गेलं ते गेलंच.

याच दांड्यामुळे एक पथ्य पाळावं लागतं. एकेक गोळी थेट चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) ठेवून वरून स्लाइड सोडायची नाही. आकडा काडतुसाच्या कडेवरून उडी मारून बसावा असं हे डिझाइनच नाही. गोळी मॅगझिनमधून वर येत आकड्याखाली सरकते. कडेवर आपटून आपटून बाक जातो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

दुसरा चोर म्हणजे सोबत आलेलं मॅगझिन. 1911 चा दस्ता मुळात पॉइंट 45 एसीपीच्या (0.45 इंच व्यासाच्या गोळीच्या) काडतुसासाठी बेतलेला, त्याची लांबी साधारण 32 मिमी. 9 मिमीचं काडतूस 30 च्या आत. उरलेली जागा भरायला मॅगझिनमध्ये पट्टी घालतात किंवा पत्र्याला मुरड देतात, आणि स्वस्त मॅगझिनमध्ये हे काम गबाळं असतं. गोळीचं नाक खाली जाऊन फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आदळायचं. मॅगझिन बनवण्यातच नाव कमावलेल्या मेकची दोन मॅगझिन आणल्यावर हे थांबलं. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगाचा वेगळा ठिपका द्या, म्हणजे गुन्हेगार कोण ते लगेच कळतं. आणि बजेट ठरवतानाच दोन मॅगझिन आणि एक-दोन रिकॉइल स्प्रिंगा (मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणाऱ्या) त्यात धरा. जे दुकानदाराला पिस्तुलाचे म्हणून सगळे पैसे देऊन मोकळे होतात, त्यांचं 1911 नंतर कपाटात पडून राहतं.

मग 9 मिमीच का, पॉइंट 45 का नाही? 9 मिमीचं 1911 म्हणजे 1911 च नव्हे, असं म्हणणारे भेटतातच. त्यांना सांगावं की कोल्टचं कमांडर 1950 च्या सुमारास बाजारात आलं ते 9 मिमीतही होतं. पण खरं कारण खिशाचं. पॉइंट 45 ची नेहमीची गोळी 230 ग्रेनची, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. 9 मिमीची त्याच्या निम्मी. जितकं शिसं-तांबं जास्त, तितकी किंमत जास्त. नियमित सराव करणाऱ्याचा दारूगोळ्याचा खर्च पिस्तुलाच्या किमतीला केव्हाच मागे टाकतो, तेव्हा बचत तिथे करायची. शिवाय रिकामं पिस्तूलच किलोभराच्या वर; त्यात 9 मिमीचा झटका जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल. पॉइंट 45 चा तो ढकलल्यासारखा धक्का मला आवडतो, नाकारत नाही. मित्राचं पिस्तूल आहे त्यासाठी.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो ट्रिगर. बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर खिळीवर फिरतो; इथे तो सरळ मागे सरकतो. थोडासा ढिला प्रवास, मग भिंत, मग स्वच्छ तुटणं, आणि पुन्हा गोळी झाडायला तयार होण्यासाठी बोट जरासंच पुढे न्यावं लागतं. माझा नवा असताना भिंतीवर किंचित खरखरत होता, आता वापराने गुळगुळीत झाला आहे. हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. हॅमर (मागून आपटणारा घोडा) आणि त्याला रोखून धरणारा सिअर यांच्या खाचांवर घरी कानस फिरवणं म्हणजे एका दाबात दोन गोळ्या सुटण्याला आमंत्रण. एक्स्ट्रॅक्टरचा प्रयोग फसला तर पिस्तूल अडतं. इथे फसला तर थांबत नाही.

सेफ्टीची चाचणी मात्र प्रत्येकाने करावी, वापरलेलं पिस्तूल विकत घेताना तर नक्कीच. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री. हॅमर ताणा, अंगठ्याची सेफ्टी वर करा, ट्रिगर जोरात दाबून सोडा. सेफ्टी खाली करा. हॅमर जागचा हलता कामा नये. मग बोट ट्रिगरपासून लांब ठेवून हॅमर अंगठ्याने अगदी थोडा मागे ओढा आणि कान देऊन ऐका. बारीक 'टिक' आलं तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर सरकला होता, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. तसं पिस्तूल घेऊ नका. माझं गप्प होतं.

'सीरीज 70' आणि 'सीरीज 80' या 1911 च्या दोन रचनांवरून लोक हमरीतुमरीवर येतात. 80 च्या रचनेत ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा जादा खटका असतो, 70 च्या रचनेत नसतो. त्या खटक्याने ट्रिगर बिघडतो म्हणतात. या किमतीत दोन्ही सरसकट मिळतात, आणि खरेदी यावरून ठरवू नये.

छोटे भाग एमआयएम आहेत, म्हणजे धातूची पूड बंधकासोबत साच्यात दाबून मग भट्टीत भाजलेले. नावं ठेवायची फॅशन आहे, पण काही हजार गोळ्यांनंतर माझा एकही तुटलेला नाही. फिनिश खरखरीत, करडं पार्कराइझिंग (पोलादावरचा फॉस्फेटचा थर). तेल चांगलं धरून ठेवतं, दिसायला यथातथाच. साइट्स (नेम धरायच्या खुणा) इवल्याशा, जुन्या लष्करी पद्धतीच्या. चाळिशी लागलेल्यांनी विचार करावा. हॅमर अंगठ्याजवळचं कातडं चावतो, माझा हात मांसल आहे म्हणून जास्त. बीव्हरटेलवालं (हाताला हॅमरपासून वाचवणारं मागचं रुंद शेपूट असलेलं) मिळालं तर थोडे पैसे जास्त मोजून तेच घ्या.

उघडताना बुशिंग (नळीच्या तोंडाशी असलेली कडी) फिरवली की स्प्रिंगवरचा प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटू पाहतो. त्यावर अंगठा हवाच, डोळ्यांवर चष्माही. आणि स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवून धरणारी कळ) परत बसवताना फ्रेमवर अर्धगोल ओरखडा उठतो. करड्या फिनिशवर तो फारसा दिसत नाही, हा एक फायदा.

घेण्याआधी जुन्या घराण्यातली आणखी दोन पाहिली होती. एक 'हाय-पॉवर' पिस्तुलाची नक्कल. मूळ हाय-पॉवर 1935 चं, ब्राउनिंगने सुरू केलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर द्यूदोने सैव्हने पूर्ण केलेलं, 13 गोळ्यांचं. हातात ते 1911 पेक्षा सुरेख बसतं, यात वादच नाही. पण मॅगझिन काढल्यावर ट्रिगर बंद करणारी यंत्रणा ज्यात असते त्यात ट्रिगर चिकट वाटतो, आणि माझा जीव ट्रिगरमध्ये. दुसरी 'सीझेड 75' पिस्तुलाची नक्कल. तीत स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूने धावते, त्यामुळे पकडायला बोटांना जागा कमी, पण निव्वळ कामाच्या दृष्टीने या पैशांत सगळ्यात शहाणी खरेदी तीच. नेमाच्या बाबतीत तिघांत फरक करावा एवढा माझा हात स्थिर नाही. टेकू देऊन 25 मीटरवर माझ्या 1911 च्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात. टेकू काढला की जे होतं त्याला पिस्तूल जबाबदार नाही.

आता रिकॉइल स्प्रिंग बदलायला झाली आहे; पुंगळ्या पूर्वीपेक्षा लांब जाऊन पडायला लागल्या आहेत. पॉइंट 45 साठी 16 पौंडांची स्प्रिंग प्रमाण मानतात, 9 मिमीला त्याहून हलकी लागते. 'जड टाक, पिस्तूल जास्त टिकेल' असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकलं तर हलका दारूगोळा स्लाइडला पुरेसं मागे नेऊ शकत नाही आणि पुंगळ्या परत अडकायला लागतात. मी सुटी स्प्रिंग आणून ठेवली आहे ती मूळच्याच ताकदीची.